मांजरेच्या काठचे दगड

रस्त्याकडेच्या दगडाचा माथा पिवळा असेल तर तो राष्ट्रीय महामार्ग, हिरवा असेल तर राज्यमार्ग आणि नारिंगी असेल तर प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेतला गावरस्ता. नांदेडहून दक्षिणेला देगलूरकडे निघालं की हे पिवळे माथे हैदराबादचं अंतर कमी करत नेतात. मला मात्र दुसऱ्याच दगडांसाठी बिलोलीचा मुलूख पाहायचा होता. देवळातले शिलालेख, मारुतीच्या पारापाशी टेकवून ठेवलेले वीरगळ, हुतात्म्यांची स्मारकं, दोन राज्यांच्या सीमेवरच्या पाट्या. देगलूरपासून मांजरा नदीच्या काठाने उत्तरेकडे सरकायचं, बिलोली आणि कुंडलवाडी करत गोदावरी गाठायची, असा बेत होता. या चिंचोळ्या पट्ट्यावर हजार वर्षांत कल्याणीचे चालुक्य, देवगिरीचे यादव, बहमनी, मुघल आणि निजाम यांचा अंमल येऊन गेला. पाठ्यपुस्तकात त्यांना स्वतंत्र धडे मिळतात. इथे एका दिवसाच्या वाटेवर सगळे भेटतात.

दिवाळी उलटली होती. सोयाबीन निघून काळी रानं उघडी पडली होती, कापसाची पहिली वेचणी चालू होती आणि बांधाबांधाने तूर पिवळ्या फुलांवर आली होती. नायगाव मागे पडलं आणि नरसी आलं. (संत नामदेवांचं नरसी हे नव्हे, ते हिंगोली जिल्ह्यात.) इथून एक फाटा थेट बिलोलीला जातो. मी सरळ पुढे गेलो. वाटेत शंकरनगर लागतं, गोदावरी मनार सहकारी साखर कारखान्याचं गाव. शंकरराव चव्हाणांचं नाव त्याला दिलेलं आहे, आणि कारखान्याच्या नावात तालुक्याला पाणी देणाऱ्या दोन नद्या आहेत. मनार म्हणजे इथल्या बोलण्यातली मन्याड. कंधारकडून येणारी ही नदी बारूळच्या धरणात अडते आणि तिचे कालवे बिलोली-नायगावच्या रानांत उतरतात. सहकाराच्या भरभराटीत उभा राहिलेला हा कारखाना पुढे बंद पडला.

देगलूर हे वारकऱ्यांचं गाव. गुंडामहाराजांची परंपरा इथली, आणि तिच्यातलं चक्रीभजन पंढरपुरापर्यंत पोचलं. विसाव्या शतकात धुंडामहाराज देगलूरकरांच्या प्रवचनांनी गावाचं नाव महाराष्ट्रभर नेलं. पण माझी पहिली थांबायची जागा गावाबाहेर काही किलोमीटरवर होती, होट्टल.

होट्टलचं सिद्धेश्वर मंदिर चालुक्यकालीन आहे आणि बाहेरच्या भिंतींवरच्या सुरसुंदरींसाठी प्रसिद्ध आहे. त्या सुंदरच आहेत. दगडात कोरलेली वस्त्राची चुणी आणि कंबरेचा बाक पाहत कितीही वेळ जाईल. तरी मला जास्त धरून ठेवलं ते लेखांनी. इथल्या लेखांत गावाचं जुनं नाव पोट्टलनगरी असं येतं. आज ज्या गावात घरी मराठी आणि बाजारात थोडी तेलुगू चालते, तिथे दगडावरची अक्षरं कानडी आहेत. हा अपवाद नव्हे. श्रीनिवास रित्ती आणि शेळके यांनी नांदेड जिल्ह्यातले शिलालेख एकत्र करून १९६८ मध्ये पुस्तकरूपाने आणले. नांदेडच्या यशवंत महाविद्यालयाने ते प्रसिद्ध केलं. त्यातले बहुसंख्य लेख कानडीच आहेत. कल्याणी म्हणजे आजचं बसवकल्याण इथून फार लांब नाही. राजधानी तिकडे, म्हणून राजभाषा ती. सहावा विक्रमादित्य १०७६ मध्ये गादीवर आला तेव्हा त्याने शालिवाहन शक बाजूला सारून स्वतःच्या नावाचा शक सुरू केला. या पट्ट्यातल्या कितीतरी दगडांवर काळ मोजलेला आहे तो त्याच्या राज्याभिषेकापासून.

अशा दानलेखांची बांधणी ठरलेली असते. आधी राजाची बिरुदं, मग तिथी, ग्रहण किंवा संक्रांत, मग दान काय दिलं ते. देवाच्या दिव्याला तेल, पूजाऱ्याला जमीन, मठात शिकणाऱ्यांना अन्न. शेवटी दान मोडणाऱ्याला शाप. या सगळ्यात मला मोलाचा वाटतो तो मधला भाग, जमिनीच्या चतु:सीमा सांगणारा. पूर्वेला अमकी विहीर, पश्चिमेला तमका ओढा, उत्तरेला रोवलेला दगड. राजाची बिरुदं लिहिणारा लेखनिक इथे शेतकऱ्याच्या पायांनी चालतो. जमिनीच्या खरेदीखतातही आज चतु:सीमा अशाच लिहिल्या जातात.

राज्य पुरातत्त्व विभागाने होट्टलच्या देवळाची डागडुजी केली आहे, वर्षातून एकदा इथे महोत्सवही होतो. पण दगड काय म्हणतो ते शेजारी उभं राहून मराठीत वाचता येईल अशी ओळ-दर-ओळ पाटी मला हवी होती. आणि ती फक्त पर्यटकासाठी नको. गावातल्या पोरांना आपल्या देवळाच्या भिंतीवरची अक्षरं कुठल्या लिपीतली आहेत हे शाळेतच कळायला हवं.

वीरगळ मात्र वाचायला लिपी लागत नाही. या भागात ते पारापाशी, विहिरीच्या थारोळ्याशी, देवळाच्या ओसरीला दिसतात. बहुतेकांवर शेंदूर चढलेला असतो. खालच्या चौकटीत लढाई, पुष्कळदा पायाशी गुरं, म्हणजे गावची जनावरं पळवणाऱ्यांशी झुंजताना आलेलं मरण. मधल्या चौकटीत अप्सरा वीराला वर नेतात. वरच्या चौकटीत तो शिवलिंगापुढे हात जोडून बसलेला, आणि माथ्यावर चंद्र-सूर्य, ते असेपर्यंत कीर्ती राहो म्हणून. बहुतेक दगडांवर नाव नाही. गावाला नाव ठाऊक होतं, म्हणून कोरायची गरज वाटली नसावी. आता गाव त्याला देव मानतं आणि शेंदूर लावतं, पण माणूस कोण होता ते कुणालाच सांगता येत नाही.

देगलूरहून सगरोळीची वाट धरली की उजव्या हाताला मांजरा सोबत येते. या नदीचा प्रवास मला नकाशावर पाहूनही खरा वाटला नव्हता. बीड जिल्ह्यात पाटोद्याच्या बाजूला बालाघाटच्या डोंगरात ती उगम पावते आणि लातूर-बीदरकडून पूर्वेला वाहत तेलंगणात शिरते. तिथे संगारेड्डीजवळ वळण घेऊन उत्तरेला फिरते आणि पुन्हा महाराष्ट्राच्या कडेला येते. सातशे किलोमीटरांहून लांबची ही वाट. देगलूर-बिलोलीत ती उत्तरवाहिनी आहे. लातूरकर जिला आपली समजतात आणि २०१६ च्या दुष्काळात जिचं धरण कोरडं पडलं म्हणून मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, तीच ही नदी. इथे पोचेपर्यंत तिच्यावर सिंगूर आणि निजामसागर ही मोठी धरणं झालेली असतात. निजामसागर १९२३ ते १९३१ या काळात बांधलं गेलं. त्याच्या खालच्या बाजूला, म्हणजे बिलोलीच्या पात्रात, पावसाळा सोडला तर पाण्यापेक्षा वाळूच जास्त दिसते.

ती वाळू तांबूस आहे, खरखरीत आहे आणि बांधकामाला उत्तम मानली जाते. सगरोळी, येसगी, बोळेगाव, गंजगाव, माचनूर ही नावं नांदेडच्या कुठल्याही गवंड्याला विचारा, तो रेतीघाट म्हणून ओळखेल. तालुक्याच्या अर्थकारणात कापूस-सोयाबीनच्या बरोबरीने ही रेती आहे. लिलाव, रॉयल्टी, पावत्या, आणि रात्री धावणाऱ्या हायवा ट्रकांवरून होणारे तंटे. नदीकाठच्या एका शेतकऱ्याने मला आपली विहीर दाखवली. "रेती होती तवर पाणी वर होतं," तो म्हणाला. "रेती गेली, आता पाणी बी खाली गेलं." यात अंधश्रद्धेचा भाग नाही. वाळूचा थर पावसाचं पाणी धरून ठेवतो आणि हळूहळू काठच्या झऱ्यांना देतो. थर उपसला की पूर आला तसा निघून जातो.

सगरोळीत दुसऱ्या जातीची खूण आहे. बाबासाहेब देशमुखांनी १९५९ मध्ये इथे संस्कृती संवर्धन मंडळ सुरू केलं. मराठवाडा नुकताच मुंबई राज्यात आलेला, जिल्ह्याच्या टोकाचं गाव, आणि शाळा शोधत मुलांनी लांब जायचं असा तो काळ. आज तिथे शाळा, वसतिगृह, सैनिकी शाळा आणि कृषी विज्ञान केंद्र आहे. शेतकरी माती तपासायला आणि बियाणं विचारायला येतात. सीमेवरच्या गावाला जिल्ह्याच्या ठिकाणाकडे पाहत बसावं लागू नये, हे काम या संस्थेने साठ वर्षांहून अधिक काळ केलं आहे.

येसगीला मांजरेवर पूल आहे. जुना पूल निजामाच्या काळातला. पलीकडे सालुरा, पुढे बोधन. आज हा दोन राज्यांना जोडणारा पूल समजला जातो, पण बांधला तेव्हा दोन्ही काठ एकाच संस्थानाचे होते आणि नांदेड-निजामाबादमधली नदी ओलांडायची एवढंच त्याचं काम होतं. पुलाखालून सीमा गेली ती १ नोव्हेंबर १९५६ ला. भाषावार प्रांतरचनेत हैदराबाद राज्याचे तीन तुकडे झाले. मराठवाडा मुंबई राज्यात आला. त्याच वेळी मुधोळ आणि भैंसा आदिलाबादकडे गेले, देगलूरची बिचकुंदा आणि जुक्कल ही मंडळं निजामाबादकडे गेली. काल एकाच तहसिलीत खेटे घालणारी गावं वेगवेगळ्या राजधान्यांची झाली. पलीकडचं राज्य पुढे २०१४ मध्ये पुन्हा बदललं, आंध्र प्रदेश जाऊन तेलंगणा आलं, आणि पाट्या परत रंगवल्या गेल्या.

पुलावरून चालत गेलो. अलीकडच्या दगडावर देवनागरी, पलीकडच्यावर तेलुगू. बाकी रान तेच, कापूस तोच. पुलाच्या अलीकडच्या टपरीवर चहा घेताना एक वयस्कर गृहस्थ म्हणाले, "आमची सोयरीक सगळी तिकडची. लेक बोधनला दिली, सून कोटगीरची आणली. सरकार कुठलंबी असू द्या, लगीन काय थांबतंय?" घरात ते मराठी बोलतात, सुनेशी तेलुगू आणि बाजारात दखनी हिंदी. तिन्ही भाषा त्यांना सारख्याच सहज येतात. पण सरकार कुठलं हे अगदीच गौण आहे असंही नाही. २०१८ मध्ये तेलंगणाने रयतु बंधू योजनेत शेतकऱ्याला एकरी चार हजार रुपये हंगामाला द्यायला सुरुवात केली. तेव्हा धर्माबाद-बिलोलीकडच्या काही गावांनी आम्हाला तेलंगणात घ्या अशी मागणी केली होती. मुंबईत ती चमत्कारिक वाटली असेल. नदीपलीकडच्या व्याह्याच्या खात्यात पैसे आलेले ज्यांनी पाहिले, त्यांना ती साधी हिशेबाची गोष्ट होती.

बोधनला निजामाच्या काळात, १९३० च्या दशकाच्या शेवटी, निजाम शुगर फॅक्टरी उभी राहिली. एके काळी ती आशियातल्या सर्वांत मोठ्या साखर कारखान्यांत गणली जायची आणि तिच्या उसाला पाणी मांजरेचं, निजामसागराचं. २०१५ मध्ये तीही थांबली. नदीच्या अलीकडे शंकरनगर, पलीकडे शक्करनगर. एका काठाला सहकार, दुसऱ्या काठाला संस्थानी भांडवल, आणि दोन्हींची धुराडी थंड.

बिलोली गाव लहान आहे. पूर्वी तालुका बराच मोठा होता. विसाव्या शतकाच्या अखेरीस नायगाव आणि धर्माबाद त्यातून वेगळे झाले. गावातली सर्वांत देखणी वास्तू म्हणजे नवाब सरफराज खान यांच्या नावाची मुघलकालीन मशीद. ती सबंध दगडात आहे. देवगिरी-औरंगाबादच्या वाटेवरच्या इमारती पाहिलेल्या माणसाला एवढ्या आडबाजूला इतकं रेखीव काम पाहून नवल वाटतं. होट्टलचे कारागीर आणि हे कारागीर यांच्यात पाच शतकांचं अंतर आहे, पण काळ्या पाषाणाशी वागण्याची समज तीच. कठीण दगडात कुठे थांबायचं, हे दोघांनाही नेमकं ठाऊक होतं.

निजामी काळातली खूण दगडावर कमी आणि कागदावर जास्त आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात फारसी जाऊन उर्दू ही संस्थानची कामकाजाची भाषा झाली. त्यामुळे इथल्या शेतकऱ्याच्या पणजोबाच्या जमिनीचा पुरावा उर्दूत किंवा मोडीत असतो. सेतवार, खासरा पाहणी हे जमीननोंदींचे शब्द मराठवाड्यात अजून कोर्टकचेरीत रोज उच्चारले जातात. मराठा-कुणबी नोंदी शोधण्यासाठी २०२३ मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली, आणि इतके दिवस धूळ खात पडलेल्या या दप्तरांना अचानक भाव आला. उर्दू आणि मोडी वाचणारे जाणकार गावोगावी शोधले जाऊ लागले.

बिलोलीहून अर्जापूर जवळ आहे. या प्रवासात मला जिथे सर्वांत जास्त वेळ घालवावासा वाटला ते हे ठिकाण. १९४६ च्या ऑक्टोबरात हैदराबाद स्टेट काँग्रेसचे कार्यकर्ते गोविंदराव पानसरे दौऱ्यावर असताना अर्जापूरजवळ मारले गेले. निजामी राजवटीविरुद्धच्या मुक्तिसंग्रामातले पहिले हुतात्मे म्हणून मराठवाडा त्यांचं नाव घेतो. (कोल्हापूरचे कॉम्रेड गोविंद पानसरे, ज्यांची २०१५ मध्ये हत्या झाली, ते वेगळे.) इथे त्यांचं स्मारक आहे आणि त्यांच्या नावाचं महाविद्यालय आहे.

काळ लक्षात घेतला तर या मरणाचा अर्थ कळतो. स्टेट काँग्रेस १९३८ मध्ये स्थापन होता होताच निजाम सरकारने तिच्यावर बंदी घातली. ती उठली १९४६ च्या जुलैमध्ये. म्हणजे आठ वर्षांनी पहिल्यांदाच कार्यकर्ते उघडपणे गावोगाव सभा घेत फिरू लागले होते, आणि तीन-चार महिन्यांतच पानसरे गेले. स्वामी रामानंद तीर्थांच्या नेतृत्वाखालची चळवळ अजून सत्याग्रहाच्या वाटेवर होती. लातूरचा वकील कासीम रझवी याच्या हाताखाली निजामाच्या बाजूने उतरलेली रझाकारांची संघटना फोफावली ती यानंतर. पुढची दोन वर्षं या पट्ट्यातल्या गावांनी लुटालूट, जाळपोळ आणि रात्री घर सोडून रानात झोपणं सोसलं. पोलीस अ‍ॅक्शन म्हणून ओळखल्या जाणाऱ्या कारवाईत १३ सप्टेंबर १९४८ ला भारतीय फौजा संस्थानात शिरल्या आणि १७ तारखेला निजामाने शरणागती पत्करली.

महाराष्ट्रभर दिसणारी हुतात्मा स्मारकं १९८० च्या दशकाच्या आरंभी, बॅरिस्टर अंतुले मुख्यमंत्री असताना निघालेल्या योजनेतली. मराठवाड्यात १७ सप्टेंबरला स्मारकांपुढे झेंडावंदन होतं. मी गेलो तेव्हा त्या दिवसाला दोन महिने होत आले होते आणि अंगणात कुणी नव्हतं. रस्त्यावर भेटलेल्या कॉलेजच्या दोन मुलांना विचारलं. पानसरे कोण हे त्यांना ठाऊक होतं, त्यांना मारलं हेही. ते इथे का फिरत होते, सभांमध्ये काय सांगत होते, हे ठाऊक नव्हतं. वीरगळावर नाव नाही आणि गोष्ट आहे. स्मारकावर नाव आहे, गोष्ट नाही. नाव आणि तारीख दगडावर आल्यावर सांगणारे सांगायचे थांबतात, असं होऊ द्यायचं नसेल तर त्या महाविद्यालयातल्या प्रत्येक वर्गाला ती १९४६ ची वाट एकदा तरी पायी चालवायला हवी.

आणखी एक गोष्ट इथेच सांगायला हवी. पोलीस अ‍ॅक्शननंतरच्या आठवड्यांत संस्थानातल्या मुसलमान वस्त्यांवर सूड उगवला गेला. नेहरूंनी चौकशीसाठी पंडित सुंदरलाल यांची समिती पाठवली. सर्वाधिक झळ बसलेले म्हणून समितीने चार जिल्हे सांगितले, उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर आणि नांदेड. संस्थानभरातल्या मृतांचा तिचा अंदाज सत्तावीस ते चाळीस हजारांचा होता. अहवाल कित्येक दशकं लोकांसमोर आला नाही. त्या माणसांसाठी या रस्त्यावर मला एकही दगड दिसला नाही. रझाकारांनी छळलेली गावं आणि नंतर छळले गेलेले शेजारी ही एकाच मुलखाची दोन दु:खं आहेत. एकाची पाटी दुसऱ्याच्या पाटीने पुसली जात नाही. मला दोन्ही हव्यात.

कुंडलवाडीत तेलुगू आणखी ठळक होते. दुकानांच्या पाट्या मराठी, गिऱ्हाइकाला मारलेली हाक मात्र "अन्ना". गोदावरी ओलांडून धर्माबादला गेलं की हवेत मिरची येते. लाल मिरचीची ही मोठी बाजारपेठ. मनमाड-सिकंदराबाद रेल्वेने विसाव्या शतकाच्या आरंभी इथल्या व्यापाराला हैदराबाद आणि मुंबई अशी दोन्ही तोंडं मिळाली. याच रुळांवर पुढे उमरी. ३० जानेवारी १९४८ ला मुक्तिसंग्रामातल्या सैनिकांनी तिथली हैदराबाद स्टेट बँक लुटली. वीस लाखांहून अधिक रुपये लढ्याच्या कामी आले. त्याच संध्याकाळी दिल्लीत गांधीजींची हत्या झाली. देशाच्या आठवणीत उमरी त्या बातमीखाली झाकली गेली, मराठवाड्याच्या नाही.

बाभळीचा बंधारा धर्माबाद तालुक्यात गोदावरीवर आहे. मांजरा थोडं पुढे, तेलंगणात कंदकुर्तीजवळ, गोदावरीला मिळते. बाभळी अलीकडे महाराष्ट्राच्या हद्दीत आहे, पण खालच्या पोचमपाड म्हणजे श्रीरामसागर धरणाचा फुगवटा इथपर्यंत येतो. वाद तिथून पेटला. धरण त्यांचं, नदीचं पात्र आमचं, आणि अडवलेलं पाणी कुणाचं? जुलै २०१० मध्ये चंद्राबाबू नायडू आपले आमदार घेऊन बाभळीकडे निघाले तेव्हा त्यांना धर्माबादेत ताब्यात घेतलं गेलं. २८ फेब्रुवारी २०१३ ला सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. बंधारा राहील, पण १ जुलै ते २८ ऑक्टोबर दरवाजे उघडे ठेवायचे. पावसाळ्याचा पूर खाली जाऊ द्यायचा आणि त्यानंतर येईल तेवढं पाणी, २.७४ टीएमसीपर्यंत, अडवायचं. १ मार्चला त्यातलं ०.६ टीएमसी खाली सोडायचं. देखरेखीला तीन सदस्यांची समिती.

चौदा दरवाज्यांच्या त्या भिंतीवर उभा होतो तेव्हा दरवाजे नुकतेच खाली आलेले होते. काठावरच्या शेतकऱ्यांना या तारखा सणवारासारख्या पाठ आहेत. त्यांची तक्रार एकच, दरवाजे पडतात तोवर पूर ओसरलेला असतो, परतीचा पाऊस चांगला झाला तरच बंधारा भरतो. यंदा तो झाला होता. भिंतीमागे पाणी वर चढत होतं, काठावर मोटारी बसवायचं काम चालू होतं, आणि दोघेजण पाइप खांद्यावर घेऊन हरभऱ्याच्या रानाकडे निघाले होते.